खोलीची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार. वावरात झाडाला रेडिओ अडकवून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि कानात वायरी घालून मोबाइलवर ऐकणाऱ्या पोट्ट्यांनाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. यवतमाळ जिल्ह्यात ३१ वर्षं शिकवलं. शेवटची नऊ वर्षं ज्या गावात होतो, तिथंच पुढं घर केलं. गावात अजून मला गुरुजीच म्हणतात, त्यामुळे निवृत्ती नुसती कागदावर झाली. आज मला शाळेबद्दल बोलायचं आहे, पण त्याहून जास्त शाळा सुटल्यावरच्या वेळेबद्दल.

विदर्भातली शाळा पुण्या-नाशिकच्या नंतर उघडते. तिकडे जूनच्या मध्याला घंटा होते. आपल्याकडे ऊन उतरत नाही म्हणून जूनचा शेवट उजाडतो. तोवर पाऊस येऊन पेरणी सुरू झालेली असते, म्हणजे पहिल्याच आठवड्यात अर्धा वर्ग बियाण्याच्या थैल्या उचलायला वावरात. मग निंदण. मग सोयाबीन काढणी. दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. वेचणी किलोवर असते, म्हणून दोन हात जास्तीचे असले तर घराला हवेच असतात. मोठी मुलगी माईसोबत वेचायला जाते. धाकटीला वावरात नेत नाहीत, पण घरी बाळ सांभाळायला ठेवतात. हजेरीपटावर दोघींपुढेही ‘गैरहजर’च लागतं. मी स्वतः कितीतरी वर्षं ते लिहिलं आणि वर पालकांना बोललोही. आता वाटतं, जरा कमी बोलायला हवं होतं.

सातवीनंतर पोरं तालुक्याच्या शाळेत जातात. मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, आठवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत. ही बस नसती तर आमच्या गावातल्या निम्म्या पोरी सातवीनंतर घरी बसल्या असत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तिची दुसरी बाजूही बघा. संध्याकाळची बस निघाली की निघाली. प्रयोगशाळेतलं काम राहिलं असो, जादा तास असो, खो-खोचा सराव असो, गावाकडच्या मुलीला उठावंच लागतं. तालुक्याची मुलगी मागं थांबते. शाळा एकच, बाई त्याच, पुस्तकं तीच, आणि वर्षाअखेर दोघींत फरक पडतो तो या तासाभराचा.

तर गावाकडची मुलगी साडेपाचला गावात उतरते. नऊला झोपते. मधले साडेतीन तास कोणाचे? घरात चूल, टीव्ही, म्हातारी माणसं, एकच बल्ब. पोरं पानठेल्यावर किंवा पुलाच्या कठड्यावर, एका फोनभोवती चार डोकी. त्या पोरांना आपण बिघडलेली म्हणतो. मी म्हणतो, बाप्पा, त्यांना बसायला दुसरी जागा दाखवा तरी!

आमच्या गावात जागा होती. समाजमंदिराची बाजूची खोली. तिच्यात लग्नाच्या पंगतीची भांडी, फाटक्या ताडपत्र्या आणि निवडणुकीतला एक मोडका भोंगा. आम्ही ती रिकामी केली. सतरंजी माझ्या घरची, फळा शाळेतला जुना, इन्व्हर्टर ग्रामपंचायतीकडून. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे आमच्या बऱ्याच सदस्यांना ठाऊक नव्हतं. ग्रामसभेत एका बाईनं विचारलं, तेव्हा ते बाहेर आलं.

सुरुवातीला मी चूक केली. मला वाटलं, शाळाच पुन्हा भरवायची. रांगेत बसवलं, पाठ घेतला, गृहपाठ दिला. आठ दिवसांत पंचवीसची सात झाली. दिवसभर शाळा खाऊन आलेल्या पोराला संध्याकाळी पुन्हा शाळाच वाढली तर ते कशाला जेवेल?

खोली भरली ती भरतीच्या पोरांमुळे. विदर्भातल्या कोणत्याही गावरस्त्यावर पहाटे चारला जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. १६०० मीटर मुलांना, ८०० मीटर मुलींना, वर १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाला ५० गुण, पण लेखीला १०० आहेत, आणि आमची पोरं पडतात ती लेखीला. अंकगणित, मराठी व्याकरण, बुद्धिमत्ता चाचणी. बारावी झालेला, दंडाला बेटकुळ्या आलेला पोरगा अपूर्णांकाची बेरीज करताना घाम पुसतो. चारचौघांत विचारायची लाज. मग मी त्यांना एक काम सांगितलं: तुम्ही शिकायला येऊ नका, आठवीच्या पोरांना शिकवायला या. आता आठवीचं पोरगं विचारतं, दादा, छेद सारखा कशाले करायचा? दादाला आधी स्वतःला समजून घ्यावं लागतं. रात्री माझ्याकडे गुपचूप येऊन विचारून जातात. समासात तर एक आठवीची पोरगी त्यांच्या पुढं गेली, आता तीच शिकवते आणि दादालोक खाली मान घालून लिहितात.

आणि मग कापसाचं गणित झालं. ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात मी हरलो.

सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, हमीभावानं कापूस घेते तेव्हा ओलावा मोजते. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यावर दर टक्क्याला एक टक्का कपात. १२ च्या वर गेला तर गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याचा भाव ८,११० रुपये क्विंटल. मी फळ्यावर मांडलं: कापूस १० क्विंटल, ओलावा १० टक्के. कपात दोन टक्के, म्हणजे क्विंटलमागे १६२ रुपये २० पैसे. १० क्विंटलला १,६२२ रुपये. मी ऐटीत म्हणालो, “सांगा आपल्या बापाले, चार दिवस ऊन दाखवा अन् सोळाशे रुपये वाचवा.”

मागून एक पोरगी बोलली. नववीतली, एरवी तोंड न उघडणारी. “पण गुरुजी, वाळला का मंग वजनात नाई घटत का जी?”

खोलीत शांतता. मी खडू घेऊन उभा. ३१ वर्षं शेकडेवारी शिकवली, आणि हे डोक्यात आलं नव्हतं. ती कापूस वेचून, गाठोडं बांधून, उन्हात पसरून आलेली होती. वाळलेलं गाठोडं उचलायला हलकं लागतं हे तिच्या डोक्याला नाही, मानेला माहीत होतं.

मग सगळे बसलो. १० क्विंटलमध्ये पाणी एक क्विंटल, कोरडा माल नऊ. ओलावा ८ टक्क्यांवर आणला तर हे नऊ क्विंटल म्हणजे एकूण वजनाचे ९२ टक्के. उत्तर आलं ९७८ किलो आणि वर पाव किलो. पूर्ण भावानं त्याचे ७९,३३६ रुपये. आणि न वाळवता, कपात देऊन? ७९,४७८. म्हणजे चार दिवस राबून १४२ रुपये घाटा!

भरतीचा एक पोरगा म्हणाला, “अन् चौदा टक्के असंल त?” तर गाडी परत, भाडं अंगावर. म्हणून वाळवायचं ते ८ साठी नाही, बाराच्या आत येण्यासाठी. दारात एक काका उभे होते, आत यायला संकोचत. ते म्हणाले, “बारा नका धरू. ढिगाच्या पोटातला कापूस वरच्यापेक्षा ओला राहते. मीटर तिथं खुपसलं का गेलं. अकरा धरा.” त्या दिवशी फळ्यावरचं शेवटचं वाक्य काकांचं होतं. आता ते आत येऊन बसतात.

वर्धा आमच्यापासून फार लांब नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथं गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, पुढं डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला आणि ‘नई तालीम’ हा शब्द देशभर गेला. हाताच्या कामातून शिक्षण. सेवाग्रामला ‘आनंद निकेतन’मध्ये २००५ पासून ते पुन्हा सुरू आहे. बाकी शाळांत मात्र हाताचं काम उरलं ते कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं करण्यापुरतं. कापूस पिकवणाऱ्याच्या पोराला क्रेप कागदाचा गुलाब! मीही करून घेतलेत, वहीत ‘अ’ श्रेणीही दिली आहे.

मुलींचा प्रश्न सोपा नव्हता. अंधार पडला की त्या उठायच्या. घरी जाऊन विचारलं तर बाप गप्प, माय म्हणायची, “पाठवू जी, पण रातच्यानं कशी येईन ते?” तोडगा बायांनीच काढला. बचत गटाची बैठक पाळीपाळीनं कोणाच्या तरी ओसरीवर व्हायची, ती त्यांनी खोलीसमोरच्या ओट्यावर आणली. बैठक आठवड्याची, पण आता रोज कोणीतरी दोघीतिघी ओट्यावर असतातच, आणि आठ वाजता सगळ्या पोरींना घेऊन निघतात. एकदा एका पोरीनं गटाचं रजिस्टर बघून मोठा शोध लावला: “माय, महिन्याले शेकडा दोन व्याज म्हणजे सालाचे चोवीस झाले वं!” माय म्हणाली, “मले मालूम आहे. सावकार पाच घेत होता.”

शाळेनं यात काय करायचं, असं विचाराल. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक ठेवले आहेत, निम्म्या महिला. बऱ्याच गावांत या समितीचं रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरतं आणि बैठक झाली असं धरतात. आमची बैठक या खोलीत घेतली तेव्हा पहिल्यांदा बाया बोलल्या. शाळेत लहान बाकांवर अवघडून बसवलं की त्यांनाच विद्यार्थी झाल्यासारखं वाटायचं. बोलल्या काय? बसची वेळ पाऊण तास पुढं ढकला म्हणाल्या. ठराव झाला, मुख्याध्यापकांनी आगाराला पत्र दिलं. दोनदा दिलं. उत्तर अजून यायचं आहे.

मोठ्यांनी रात्री एकत्र बसून शिकणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. शेंडगावचे गाडगेबाबा कधी शाळेत गेले नाहीत, पण त्यांचं कीर्तन ही रात्रशाळाच होती. प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव, लेखाजवळचं. तिथले लोक निर्णय घेण्याआधी अभ्यास गटात बसत आले आहेत, विषय सगळ्यांना कळेपर्यंत. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागं ही बैठक होती.

आमचं गाव तेवढं शहाणं नाही. आमच्याकडे मोठं भांडण किल्लीचं झालं. किल्ली सरपंचांच्या घरी असायची. ते बाहेरगावी गेले की खोली बंद. लग्नसराईत पंगतीची भांडी परत आत आली आणि तीन आठवडे पोरं ओट्यावर बसली. भांडणं झाली, दोन जण अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेवटी पोरांनी सांगितलं, किल्ली आमच्यात ठेवा. मोठे हसले, पण दिली. सध्या ती कापसाच्या गणितवाल्या पोरीकडे आहे, कंपासपेटीत, कर्कटकाशेजारी.

परवा संध्याकाळी सहा वाजून गेले तरी खोलीला कुलूप. भरतीची पोरं, आठवीची पोरं, काका, ओट्यावर बाया, आणि फळ्याचा खडू खिशात घेऊन मी, सगळे दाराबाहेर. बस कुठंतरी पंक्चर झाली होती. कोणी घरी गेलं नाही. अंधारात एकानं दुसऱ्याला समास विचारायला सुरुवात केली, तेवढ्यात फाट्यावर दोन दिवे दिसले.

नमस्कार.