पडवीतली आरडी उठवताना

नमस्कार श्रोतेहो. गणपती गेले, चाकरमानी परतले, भात कापणीला आलं. जूनपासून पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी आता कुणाकुणाला आठवत असेल. आज बोलायचंय राजदूत 350 या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलबद्दल. नाव राजदूत असलं तरी सगळे तिला आरडीच म्हणतात. यामाहाच्या आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने ती 1983 मध्ये आपल्याकडे आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. आधीची हाय टॉर्क 30.5 हॉर्सपॉवरची, नंतरची लो टॉर्क 27 ची. आरएक्स 100 वाल्यांनीही रेडिओ बंद करू नये. एक सिलिंडर वजा केलात की यातलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

आपल्याकडे हिचं इंजिन खराब होतं ते चार महिने उभं राहून, आणि त्याचा जीव जातो तो पहिल्या दिवशी हौसेने मारलेल्या किकने. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या, म्हणजे पोर्ट, असतात. पिस्टन कुठेही थांबला तरी कुठली तरी खिडकी उघडी राहते आणि खारी दमट हवा सायलेन्सरमधून थेट आत येते. बाहेरचा भाग अॅल्युमिनियमचा असला तरी आतली लायनर बिडाची. पिस्टनची रिंग जिथे टेकून राहते तिथे गंजाची बारीक रेघ धरते. त्या रेघेवर रिंग जोरात घासली की बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चरे पडतात, कधी रिंगचं टोकच तुटून पोर्टमध्ये जातं.

म्हणून आधी दोन्ही प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर, म्हणजे पाच मिली, टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर करू नका, हेड आणि बॅरल उतरवा. एका संध्याकाळचं काम आहे, नव्या पिस्टन आणि बोअरपेक्षा कितीतरी स्वस्त.

आता उकिडवे बसून गाडीची भोकं तपासा. कुंभारमाशीला सायलेन्सरचं तोंड आणि कार्बोरेटरची ओव्हरफ्लो नळी फार आवडते. सुपारीएवढं मातीचं घर आत घट्ट बसलेलं असतं. ऑइलच्या टाकीला हवा घ्यायला जी बारीक वाट असते, तीही ती लिंपून टाकते. मग टाकीत ऑइल असतं, पण पंपापर्यंत उतरत नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सोडणाचा काथ्या भरलेला सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पेट्रोलचं वेगळं सांगायला हवं. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्याला घेऊन तळाला बसतं, आणि पेट्रोलचा कॉक तर तळालाच. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर सगळं काढून टाका. टाकी आतून गंजली असेल तर लिटरभर गरम पाण्याला 100 ग्रॅम लिंबूसत्त्व या मापाने भरून रात्रभर ठेवा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच आतून ऑइलचा हात फिरवा. तांब्याची भांडी आमसुलाने लखलखतात म्हणून कुणी टाकीत आगळ ओतायला निघाला तर अडवा, त्यात मीठ असतं. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळही पडतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), त्यामुळे जुन्या मापाचा मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक, कित्येकदा एक नंबर मोठा करावा लागतो.

कार्बोरेटर दोन आहेत. पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद गतीच्या पेट्रोलच्या बारीक भोकात, सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. कॉम्प्रेसरची हवा मारा, फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू चालेल. एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती वळसे बसतात ते मोजून लिहून ठेवा. जोडल्यावर दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून अॅक्सिलरेटर सावकाश फिरवा. आतल्या दोन्ही स्लाइड (वरखाली होणारे पडदे) एकाच क्षणी हलल्या पाहिजेत.

आता मुख्य मुद्दा. इंजिन कुठून चोरटी हवा घेतंय का? टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची पेटी हाच मिश्रण ओढणारा पंप. तिथे बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर घाटात जाम होतो. लेथवाला बोअर करून देतो, गाडी महिनाभर चालते आणि परत सीज. दोष पिस्टनच्या कंपनीला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा क्रँकच्या टोकाचं कडक झालेलं रबरी ऑइल सील असतं.

तपासणी घरी होते. दोन्ही सायलेन्सर सोडवून एक्झॉस्टची तोंडं जुन्या टायर ट्यूबचा रबर आणि पत्रा लावून आवळा. कार्बोरेटर काढून एका मॅनिफोल्डवर (कार्बोरेटर जिथे बसतो त्या नळीवर) रबरी बूच, दुसऱ्यावर सायकल ट्यूबचा व्हॉल्व्हसकट तुकडा क्लिपने बसवा. दोन्ही बाजू बंद करणं आवश्यक आहे, कारण दोन सिलिंडरच्या क्रँकपेट्यांमधलं लॅबिरिंथ सील हवा पूर्ण अडवत नाही. हवा इनटेककडूनच भरा. एक्झॉस्टकडून भरलीत तर इनटेकमधल्या, हवा एकाच दिशेने सोडणाऱ्या रीडच्या पात्या मिटतात आणि मॅनिफोल्डची गळती लपून राहते. दाब मोजायला ब्लड प्रेशरच्या यंत्राचा फुगा आणि काटा उत्तम. 280 पर्यंत न्या, त्यापुढे नको. हे सुमारे साडेपाच पीएसआय होतं. चांगलं इंजिन सहा मिनिटं काटा जवळजवळ जागेवर धरतं. मिनिटाला 50 ने उतरत असेल तर गळती नक्की.

मग रिठ्याचा फेस घ्या आणि ब्रशने लावत जा. बॅरलखालचं पॅकिंग, हेडची कड, मॅनिफोल्ड, दोन मॅनिफोल्डना जोडणारी रबरी नळी. डाव्या बाजूला मॅग्नेटचं कव्हर काढून सीलच्या कडेला लावा, बुडबुडे तिथे सरळ दिसतात. उजवं सील क्लचच्या आत लपलेलं. त्यासाठी गिअर ऑइलचं झाकण उघडून त्यावर फेस धरा. फुगा आला तर हवा तिकडूनच येतेय. चालत्या गाडीवर ओळख अशी: उजवं सील गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. डावं गेलं की अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही आणि प्लग खडूसारखा पांढरा निघतो. सील बदलायचं तर दोन्ही बदला, एकाच्या मजुरीत होतात.

बोअर करायचाच असेल तर लेथवाल्याकडे माप सांगू नका, नवे पिस्टन हातात द्या. दोन्ही सिलिंडर आपापल्या पिस्टनवर. काम झाल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. धार लागली तर कड मारून घ्या, नाहीतर रिंग तिथे अडकते. ही कड विसरणारे पुष्कळ.

ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट दोन आहेत, त्यांवर खाऱ्या हवेचा पांढुरका थर येतो. पेट्रोलात भिजवलेला कोरा कागद मधून ओढा. गॅप 0.35 मिमी आधी लावा, टायमिंग (ठिणगीची वेळ) नंतर, कारण गॅप हलली की टायमिंग हलतं. डायल गेजने मोजून, पिस्टन वरच्या टोकाच्या आधी 2.0 मिमी असताना पॉइंट उघडायला हवा, आणि हे प्रत्येक सिलिंडरला वेगळं लावायचं. नुसत्या आवाजावर टायमिंग लावून देणाऱ्याकडे आरडी नेऊ नये.

ऑइल पंपाचा स्क्रू सैल करून नळीतले बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू द्या. तरीही पहिल्या टाकीत लिटरमागे 20 मिली टू-टी जास्तीचं घाला. धूर होईल, होऊ दे.

पहिल्याच आठवड्यात आंबा घाट चढून उतरायचा मोह होईल. चढताना सहसा काही होत नाही. उतरताना अॅक्सिलरेटर बंद, गिअरमध्ये गाडी, चाकं इंजिन फिरवतायत, आणि पंपाचं ऑइल अॅक्सिलरेटरवर अवलंबून. म्हणजे फेरे भरपूर आणि ऑइल थेंबभर. दर वळणाला क्लच दाबून अॅक्सिलरेटरला एक झटका द्या, आत ऑइल जाऊ द्या. ड्रम ब्रेकवर भिस्त ठेवायची असेल तर शूज काढून कॅमला ग्रीस आधीच लावलेलं असू द्या. ड्रमला गंजाने चिकटलेले शूज हा आपल्या किनाऱ्याचा ठरलेला आजार आहे. गाडी धुवायला गोडंच पाणी घ्या, वैशाखातल्या मचूळ विहिरीचं नको.

आणि पुढच्या मृगाआधी गाडी उभी करताना कार्बोरेटरचे बाऊल रिकामे करा, प्लगच्या भोकांतून पुन्हा चमचाभर ऑइल सोडा, सायलेन्सरच्या तोंडांत तेलकट फडकं कोंबा. त्याच फडक्याची एक लाल चिंधी हँडलला बांधून ठेवा. ऑक्टोबरात फडकं काढायचं विसरून अर्धा तास किक मारत बसणारे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. नमस्कार.