भाडेकरू गेला, भाडं राहिलं

नमस्कार श्रोतेहो.

भाडेकरू घरात असताना भाडं थकलं तर काय करावं, यावर आपल्याकडे जो तो सल्ला देतो. आज मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. भाडेकरू घर रिकामं करून गेला, किल्ली हातात आली, रंगारी येऊन गेला, नवा भाडेकरू राहायलाही आला. पण जुन्याकडचं चार-पाच महिन्यांचं भाडं काही आलं नाही. अशा वेळी काही घरमालक तडक पोलीस चौकी गाठतात आणि बरेचसे ‘जाऊ दे’ म्हणतात. चौकीत हाती काही लागत नाही, कारण भाडं न देणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली हे स्वच्छ शब्दांत सांगितलंय. हे दिवाणी देणं आहे. आणि ‘जाऊ दे’ म्हणायचं तर निदान मुदत संपल्यावर म्हणा.

मुदत किती? तीन वर्षं. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात थकीत भाड्याच्या दाव्याला तीन वर्षं दिलेली आहेत. आता नीट ऐका. ही तीन वर्षं भाडेकरू घर सोडून गेला त्या दिवसापासून मोजायची नाहीत. ज्या महिन्याचं भाडं ज्या तारखेला द्यायचं ठरलं होतं, त्या तारखेपासून मोजायची. म्हणजे प्रत्येक महिन्याचं घड्याळ वेगळं. सगळ्यात जुना महिना सगळ्यात आधी हातचा जाणार. पुन्हा सांगतो, प्रत्येक महिन्याचं घड्याळ वेगळं.

हिशेब करताना डिपॉझिट आधी वळतं करा. लाइटबिल, मोडतोड यांचे आकडे भाड्यात मिसळू नका, वेगळे दाखवा, आणि मोडतोडीची बिलं जोडा. करार नोंदवलेला असेल तर काम निम्मं झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. असा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही ते खोटं ठरवेपर्यंत. ‘ओळखीतला मुलगा आहे, त्याच्याशी काय करार करायचा’ असं म्हणणारे लोक मला रोज भेटतात. माझं तर स्पष्ट मत आहे की ओळखीतल्या माणसाला भाड्याने घर देऊच नये. लग्न जमवून द्यावं, नोकरीला शिफारस करावी, घर देऊ नये. असो.

आता एक गोष्ट सांगतो. माझ्या घरच्यांना ती पाठ आहे. मी सुरुवात केली की ते उठून आत जातात. तुम्ही रेडिओ बंद करू नका.

एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांना आपण बाई म्हणू. वरचा मजला त्यांनी एका तरुणाला दिला होता. मुलगा गोड बोलणारा. जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “बाई, हिशेब पाठवा, पुढच्या महिन्यात देतोच.” बाईंनी हिशेब पाठवला. मोबाइलवर उत्तर आलं, हात जोडल्याचं चित्र. पुन्हा आठवण केली, पुन्हा जोडलेले हात. पैसे नाहीत, नकारही नाही. असं करता करता सर्वांत जुन्या महिन्याची तीन वर्षं भरत आली.

शेवटी बाईंनी नातवाच्या सांगण्यावरून त्या तरुणाच्या करारातल्या कायमच्या पत्त्यावर टपालाने पत्र धाडलं. डिपॉझिट वळतं करून पाच महिन्यांचं भाडं येणं आहे, असा त्यांचा हिशेब. पण त्यात एक गफलत झाली होती. बाई भाड्याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरात करायच्या. फेब्रुवारीचं भाडं त्याने रोख हातात दिलं होतं आणि ते जुनं कॅलेंडर फडताळात डब्यांखाली अंथरलं गेलं होतं. बाई विसरून गेल्या.

आणि तो मुलगा, ज्याने तीन वर्षं एक वाक्य धड लिहिलं नव्हतं, तो भडकला! न दिलेल्या पैशांचं त्याला काही वाटलं नाही, पण दिलेले पैसे मागितले याचा अपमान वाटला. त्याने स्वहस्ते दोन पानी पत्र लिहिलं. “आपण माझ्यावर खोटा आरोप केला आहे. फेब्रुवारीचे भाडे मी रोख दिले आहे. माझ्याकडे फक्त चार महिन्यांचे भाडे बाकी आहे, आणि आपल्या अशा वागण्यामुळे तेही मी आता देणार नाही.” खाली झोकात सही, तारीख.

बाई ते पत्र घेऊन माझ्यासमोर बसल्या, डोळ्यांत पाणी. “बघा हो, देणारच नाही म्हणतो.” मी पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठलोच. मुदतीच्या कायद्याचं कलम 18 सांगतं की मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने देणं मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. मग त्याच कागदात ‘देणार नाही’ असं लिहिलेलं असलं तरी हरकत नाही! त्या पठ्ठ्याने रागाच्या भरात बाईंना नवी कोरी तीन वर्षं बहाल केली होती, चारही महिन्यांसाठी.

पण पत्राकडे पुन्हा पाहिलं आणि घाम फुटला. पानभर लाल शाई. बाईंनी पत्र तपासलं होतं! ‘बाकि’चं ‘बाकी’ केलेलं, दोन ठिकाणी अनुस्वार दिलेले, आणि खाली शेरा: ‘अक्षर सुधारावे.’ मी म्हटलं, “बाई, हा पुरावा आहे, सहामाहीचा पेपर नव्हे!” बाई म्हणाल्या, “चुका दिसल्या की हात थांबत नाही.” नशीब, त्याच्या निळ्या अक्षराला आणि सहीला कुठे धक्का लागला नव्हता.

आम्ही प्रकरण दाव्याआधीच लोकअदालतीत नेलं. तिथे पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी पत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि अक्षर तुमचंच ना, असं विचारलं. तो बराच वेळ ते लाल शेरे वाचत राहिला. मग म्हणाला, “निळं माझं आहे, साहेब.” सगळे हसले. चार महिन्यांचं भाडं, चार हप्ते, तडजोड झाली, आणि हप्ते आलेही.

मात्र या गोष्टीवरून मुद्दाम चुकीचा आकडा टाकून पाहू नका. बाईंना खरोखरच विसर पडला होता. जाणूनबुजून खोटी मागणी केलीत तर ती तुमच्यावरच उलटेल. यातून घ्यायचं ते एवढंच, की सहीचा कागद मिळवा. मोबाइलवरच्या संदेशावर वकील तासभर वाद घालू शकतो. सही केलेल्या कागदापुढे त्याचं फार चालत नाही. हल्ली कुणी पत्रंच लिहीत नाही, ही वेगळीच तक्रार आहे माझी. सही करतात तीही एक रेघ आणि दोन टिंबं.

बोलणी फिसकटली तर दावा. मुंबईत लघुवाद न्यायालय, जिथे ते नाही तिथे बहुधा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. भाडेकरूने चेक दिला होता आणि तो वटला नाही, तर मात्र प्रकरण फौजदारी होतं. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, त्याला 15 दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. या तारखा चुकवू नका.

निकाल हाती आला म्हणजे पैसे आले असं नाही. दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करा असा अर्ज, दाखल करावी लागते, त्यासाठी 12 वर्षं असतात. माणूस नोकरीला असेल तर पगारावर जप्ती आणता येते. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे, बाकी जप्त होऊ शकतात. 31,000 पगार असेल तर महिना 10,000 पर्यंत. एका हुकूमनाम्यापोटी, म्हणजे दाव्यातल्या एका निकालापोटी, ही कपात फार तर 24 महिने चालते. म्हणून तो कुठे कामाला आहे हे माहीत असणं फार मोलाचं. करार करतानाच नोकरीचा पत्ता लिहून घ्या. आणि त्याने मागे ठेवलेलं कपाट किंवा फ्रिज परस्पर विकून पैसे वसूल करू नका. त्याचा दावा उलट तुमच्यावर येतो.

लोकअदालतीला कोर्ट फी लागत नाही, आणि तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचंच वजन असतं, त्यावर अपील नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. सोबत करार, महिनावार हिशेब आणि पत्र टाकल्याची टपालाची पावती यांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद मागतील त्या दिवशीच घराबाहेर काढा.

नमस्कार.