जुन्या जीन्सचे खवले मांजर

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली, की चिपळूण, रत्नागिरी, कणकवली अशा गावांच्या बाजारपेठांत भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानांपुढे पालकांची रीघ लागते. तेथे वाघ मिळतो, सिंह मिळतो, ससा आणि माकड तर हमखास मिळतात. पिवळ्या कापडावर काळे ठिपके असले, की त्या पोशाखाला चित्ता म्हणण्याचीही रीत आहे, आणि कोकणच्या रानात फिरतो तो बिबट्या, चित्ता नव्हे, याची आठवण दुकानात कोणी कोणाला करून देत नाही. मात्र ज्या मुलाला खवले मांजर व्हायचे आहे, त्याला या दुकानांतून रिकाम्या हाताने परतावे लागते.

आपण पाहणार आहोत तो पोशाख अशाच एका मुलाचा आहे. चिपळूण तालुक्यातील एका घराच्या पडवीत तो तयार झाला, आणि त्याला लागलेले जवळजवळ सगळे सामान त्या घराच्या माळ्यावर, वलणीवर आणि परसात आधीपासूनच पडून होते.

खवले मांजर रात्री हिंडते, त्यामुळे कोकणात जन्म काढलेल्या अनेकांनीही ते प्रत्यक्ष पाहिलेले नसते. दात नसलेला हा प्राणी लांब, चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपतो, आणि संकट आले, की अंगाचे वेटोळे करून घट्ट गोळा होऊन पडतो. बिबट्याच्या जबड्यापुढे ही युक्ती चालते. माणसापुढे चालत नाही, कारण गोळा झालेले जनावर उचलून पोत्यात घालणे फार सोपे असते. खवल्यांच्या तस्करीपायी त्याची शिकार होत आली आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये याच तालुक्यातील डुगवे गावात ‘खवलोत्सव’ साजरा झाला, तेव्हा ग्रामस्थांनी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवली आणि शिमग्याच्या उत्साहात ती नाचवली. त्यामुळे या परिसरातील मुलाने हे सोंग निवडावे, यात नवल काहीच नाही.

पोशाखाचे काम सुईदोऱ्यापासून सुरू होत नाही, ते चित्र नीट पाहण्यापासून सुरू होते. खवले पाठीवर, शेपटीवर आणि पायांच्या बाहेरच्या बाजूला असतात. पोट, गळा आणि पायांची आतली बाजू मऊ, उघडी असते. प्रत्येक खवल्याचे टोक शेपटीकडे वळलेले असते. भारतीय खवले मांजराच्या धडावर अशा खवल्यांच्या ११ ते १३ ओळी असतात. मुलाच्या पाठीवर तेवढ्या ओळी बसवण्याचा अट्टहास करण्याची गरज नाही. चार बोटे रुंदीचा एक खवला धरला, तर कमी ओळींतही पाठ भरून जाते. प्रेक्षकांच्या नजरेला ओळींची संख्या कळत नाही, पण टोके उलट्या दिशेला गेली तर ते लगेच खटकते.

खवल्यांसाठी या घराने जुन्या जीन्स काढल्या. साडीचे किंवा सदऱ्याचे कापड येथे उपयोगी पडत नाही, कारण ते लोंबते; खवला ताठ राहायला हवा. जीन्सचे कापड मुळातच जाड, आणि त्यात आणखी एक सोय अशी, की निळा रंग त्याच्या उभ्या धाग्यांना दिलेला असतो, आडवे धागे पांढरेच राहतात, त्यामुळे कापडाची उलटी बाजू फिकट दिसते. ती फिकट बाजू बाहेर घेतली, की रंगकामाला निम्मे यश तेथेच मिळते. गावातल्या टपरीवरून आणलेला चहाचा चोथा मोठ्या टोपात पुन्हा उकळून, त्या काढ्यात कापलेले खवले रात्रभर भिजवले. दुसऱ्या भांड्यात गुळाच्या पाण्यात बरेच दिवस मुरत ठेवलेले गंजके खिळे होते. चहात भिजलेला खवला त्या पाण्यात बुडवला, की काही क्षणांत त्याचा तपकिरी रंग काळपट मातकट होत जातो. सगळे खवले सारखेच बुडवू नयेत. काही लवकर काढावेत, काही विसरल्यासारखे तसेच राहू द्यावेत. रानातल्या जनावराचे अंग एका रंगाचे नसते आणि बाजारातल्या पॉलिस्टरचे असते, हा फरक येथेच पडतो. या काढ्याचा रंग सुती कापड धरते, पॉलिस्टर धरत नाही, म्हणून कापड निवडताना ते आधी चुरगाळून, ओले करून पाहावे.

रंग वाळल्यावर खवल्यांना भाताच्या पेजेची खळ दिली आणि ते उन्हात सपाट पसरून ठेवले. कडक झालेले खवले आता एका जुन्या, पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टवर बसवायचे. टी-शर्ट मुलाच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्यावा, कारण टाके पडत जातात तसे कापड आखडते. मंगलोरी कौले जशी वळचणीकडून आढ्याकडे रचत नेतात, तशीच खवल्यांची पहिली ओळ कमरेशी लावून वर मानेकडे जायचे असते. प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीचे टाके झाकते. शिलाई मशीनवर एका दमात सरळ टीप मारण्याचा मोह येथे टाळायला हवा. टी-शर्टचे कापड ताणले जाते, सरळ टीप ताणली जात नाही, आणि मूल रंगमंचावर वाकून गोळा झाले, की ती कटकट तुटते. प्रत्येक खवला फक्त वरच्या कडेने, सुटा सुटा, हाताने टाचला, म्हणजे पाठ हवी तशी वळते. काम चिकाटीचे आहे, यात शंका नाही. पण गोळा होता न येणारे खवले मांजर काय कामाचे?

शेपटीच्या वेळी सूनबाई जीन्सचा दुसरा पाय उसवायला बसल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना थांबवले. “उसवू नको गो. मांडीकडे रुंद, खाली निमुळता. शेपूटच आहे ती.” खवले मांजराची शेपटी बुंध्याशी रुंद, जड आणि जवळपास धडाएवढी लांब असते, जीन्सचा पाय तिच्या आकाराच्या पुष्कळ जवळ जातो. त्यात नारळाच्या सोडणांचा वाळलेला, झटकून घेतलेला काथ्या भरला. चिंध्या भरल्या असत्या, तर शेपटी मुलाला ओढवली नसती. तरीही ती टी-शर्टला शिवायची नाही, नाहीतर सगळा भार गळ्याशी येतो आणि गळपट्टी मानेला काचते. आजोबांचा चामड्याचा जुना पट्टा शेपटीच्या तोंडातून ओवून तो कमरेला बांधला, आणि वरून खवल्यांची कमरेशी लावलेली पहिली ओळ त्यावर लोंबू दिली.

मुस्कटासाठी परसातली पोफळ कामी आली. पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, गळून पडलेली विरी (झावळीच्या बुंध्याचे रुंद आवरण) पाण्यात भिजली, की चामड्यासारखी मऊ होते. ती गुंडाळून, टोक निमुळते करून, दोऱ्याने बांधून सावलीत ठेवली, की वाळताना तोच आकार धरते. हे मुस्कट जुन्या स्वेटरच्या टोपीला, कपाळाच्या वर शिवायचे, तोंडावर नाही. आपल्याकडच्या दमट हवेत चेहरा झाकणारा मुखवटा मूल दोन मिनिटांत काढून फेकते. उरलेल्या विरीतून पुढच्या पंजांची लांब, वाकडी नखे कापून ती जुन्या मोज्यांवर टाचली. चालताना हा प्राणी नखे आत वळवून ठेवतो, हे मुलाला एकदा दाखवले, की अर्धा अभिनय आपोआप येतो.

अशी बिनखर्चाची सोंगे कोकणाला नवीन नाहीत. रत्नागिरीकडच्या नमन-खेळे या लोकनाट्यातला काळ्या झग्याचा, उंच टोपीचा संकासुर आणि सिंधुदुर्गातल्या रोंबाटांतली, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकांतली, नाना रूपे घरच्या आणि वाडीतल्या सामानातूनच उभी राहत आली आहेत. तीच नजर इतर प्राण्यांनाही लावता येते. पावसाळ्यात मोडलेली छत्री अर्धी कापली, की वटवाघळाचे दोन पंख मिळतात, आणि काड्या शरीरशास्त्राला धरूनच बसतात, कारण वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. काड्यांच्या टोकांना मात्र कापडाच्या गाठी बांधाव्यात. बिबट्यासाठी पिवळट चादर पुरते. धडावर भरीव ठिपके न देता बोटाने तुटक कडी उमटवावीत, भरीव ठिपके डोके आणि पाय यांच्यापुरते ठेवावेत.

शिमग्यात सोंग घेऊन होमाजवळ जायचे असेल, तर अंगावर पॉलिस्टर नको. ते पेटले, की वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेटतेच, आणि काथ्याने भरलेली शेपटी तर पाठीमागे असल्याने दिसत नाही, म्हणून सोबत एक मोठे माणूस असावेच.

कार्यक्रम झाल्यावर खवल्यांची खळ साध्या पाण्याने पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवूनच पोशाख ट्रंकेत ठेवावा, कारण पेज लागलेल्या कापडाला दमट हवेत बुरशी धरते, झुरळे येतात, आणि मुंग्या खाणाऱ्या प्राण्याच्या अंगाला मुंग्या लागण्याची वेळ येते. काथ्या आळ्यात टाकायचा, पट्टा आजोबांना परत द्यायचा. शेपटीचा रिकामा पाय घडी घालून खवल्यांसोबत ठेवला, की पुढच्या वर्षी धाकट्या भावंडासाठी फक्त टी-शर्ट बदलावा लागतो.