कुसळीचे बी लगेच का उगवत नाही?

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या सुमारास माळावरची कुसळी, पवना, मारवेल ही गवते पिकतात आणि गायरान सुधारू पाहणारी मंडळी हौसेने त्यांचे बी गोळा करतात. ते ताजे बी भिजवून पाहिले, तर पंधरा दिवसांतही बऱ्याचदा मोजकेच दाणे मोडावतात. मग बी खराब निघाले असे ठरवून पोते उकिरड्यावर रिकामे केले जाते. माझ्या मते ही घाई आहे.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडतो आणि माती ओली असते. त्या ओलीवर बी उगवले असते, तर कोवळी रोपे पुढच्या सात-आठ कोरड्या महिन्यांत करपून गेली असती. ताजे बी ओल मिळूनही उगवत नाही, या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. काही गवतांत ती भ्रूणातच असते. उगवण रोखणाऱ्या आणि उगवणीला चालना देणाऱ्या संप्रेरकांचे पारडे तेव्हा रोखणाऱ्यांकडे झुकलेले असते. काहींत दाण्याभोवतीचे तूस आडवे येते. अंजन गवताचा दाणा केसाळ आवरणातून सोडवला, तर तो अधिक चांगला उगवतो, हे त्याचे उदाहरण. कोरड्या साठवणीत ही सुप्तता हळूहळू ओसरते आणि उन्हाळ्याची उष्णता त्याला वेग देते. कुसळीला त्यासाठी सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ लागू शकतो.

दरम्यान कुसळीचे बी स्वस्थ पडून राहत नाही. त्याचे लांब कुसळ कोरड्या हवेत पिळले जाते आणि दमट हवेत उलगडते. या फिरण्याने खालचे अणकुचीदार टोक गिरमिटासारखे मातीत शिरते आणि टोकावरचे उलट्या दिशेचे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. मेंढ्यांच्या लोकरीतही ते असेच घुसते, हे मेंढपाळांना सांगायला नको. जमिनीत शिरलेले असे बी वणव्यातूनही वाचू शकते. गवताच्या धुरातील काही द्रव्ये अनेक जातींच्या बियांना उगवायला मदत करतात, आणि त्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य 2004 साली ओळखले गेले. मात्र तेवढ्यासाठी कोणी माळाला काडी लावू नये, कारण जमिनीवरचा पालापाचोळा आणि इतर जीव त्यात जळून जातात.

बी टाकून देण्याआधी ते तपासावे. फुलोऱ्यातील बरीच तुसे मुळातच पोकळ असतात, म्हणून थोडे बी तळहातावर चोळून आत टणक दाणा लागतो का, ते पाहावे. भरलेले शंभर दाणे ओल्या टीपकागदावर ठेवावेत आणि दोन आठवड्यांनी न उगवलेले दाणे चिमटीत दाबावेत. बुरशी येऊन पिचपिचीत झालेला दाणा मेलेला असतो. फुगूनही टणक राहिलेला दाणा बहुधा सुप्त असतो. असे टणक दाणे जास्त निघाले, तर उरलेले बी नीट वाळवून कापडी पिशवीत, सावलीत आणि ओलीपासून दूर ठेवावे. अशा ताज्या बियांना शीतगृहात ठेवण्याची घाई नको, कारण थंडीत सुप्तता ओसरण्याचे काम मंदावते.

पावसाळ्याच्या तोंडावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि शंभरांत किती उगवले, त्यावरून बियाण्याचे प्रमाण ठरवावे. पाऊस स्थिरावला की बी जेमतेम मातीआड होईल इतकेच वरवर पेरावे, कारण खोल गेलेल्या बारीक दाण्याचा कोंब वर पोहोचत नाही. एवढे करूनही काही दाणे पहिल्या पावसाळ्यात जागे होत नाहीत. म्हणून गवत विरळ दिसले, तरी त्याच वर्षी कुरण पुन्हा नांगरायला घेऊ नये. दुसऱ्या पावसाळ्यातली उगवण पाहून मगच काय ते ठरवावे.