प्रीमो कार्नेरा : लुटुपुटूच्या लढतींवर उभा केलेला हेवीवेट चॅम्पियन

(थेट सुरुवात, म्युझिक नाही)

२४ जानेवारी १९३०. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एका कोपऱ्यात २३ वर्षांचा इटालियन पोरगा. उंची साडेसहा फुटांना टेकलेली, वजन १२० किलोच्या घरात, पंजा म्हणजे सूप. अमेरिकेतली त्याची ही पहिलीच लढत. समोर बिग बॉय पीटरसन नावाचा एक गडी. घंटा वाजली आणि ७० सेकंदांत बिग बॉय आडवा.

लोक खूश. पेपरवाले मात्र दुसऱ्या दिवशी गालातल्या गालात हसत होते. बिग बॉय ज्या तयारीने आडवा झाला, ती बघून त्यांना शंका आली होती.

या पोराचं नाव प्रीमो कार्नेरा. साडेतीन वर्षांत तो जगाचा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातला, चॅम्पियन झाला. आज बोलायचंय ते त्याला तिथपर्यंत कसं नेलं, आणि त्या नेण्यात त्याच्याकडून काय काढून घेतलं, यावर.

आधी एक शब्द आपल्या मातीतला. जोड. जत्रेतलं कुस्तीचं मैदान बघितलं असेल तर हे वेगळं सांगायला नको. दोन पैलवान शेजारी उभे करतात, वजन बघतात, वय बघतात, कोण कुठल्या तालमीत किती वर्षं आहे ते बघतात आणि मग जोड लावतात. वस्ताद शहाणा असेल तर नव्या पोराला एकदम मोठ्या मल्लासमोर टाकत नाही. आणि नुसत्या कच्च्या पोरांवरही चढवत नाही, कारण सगळ्यांना चीत करणारा पोरगा शिकत काहीच नाही.

बॉक्सिंगमध्येही तेच. सुरुवातीला दोन-चार सोप्या लढती, मग एखादा मुरलेला, ज्याच्या ठोशात आता दम नाही पण जो तुम्हाला दहा राउंड नाचवेल. मग एखादा डावखुरा. मग एखादा असा, जो मार खातो पण मागे हटत नाही. प्रत्येक जण काहीतरी शिकवून जातो.

कार्नेराला यातलं जवळजवळ काहीच मिळालं नाही.

(फोटो : सेक्वाल्स गाव)

हा मूळचा उत्तर इटलीतल्या फ्रिउली भागातल्या सेक्वाल्स गावचा. जन्म २६ ऑक्टोबर १९०६. घरची गरिबी. कोवळ्या वयात फ्रान्सला गेला, सुतारकाम केलं, मग फिरत्या सर्कशीत शिरला. तिथं वजनं उचलायची, लोकांशी कुस्ती खेळायची. तिथं पॉल जुर्ने नावाच्या जुन्या फ्रेंच बॉक्सरने त्याला हेरलं आणि लेऑं से या मॅनेजरच्या हवाली केलं. १२ सप्टेंबर १९२८ ला पॅरिसमध्ये पहिली व्यावसायिक लढत. हौशी बॉक्सिंगचा अनुभव म्हणाल तर नावालाही नाही. सर्कस ते रिंग, मधला जिनाच गायब.

आता कार्नेरा बाजूला ठेवा आणि पुढे हेवीवेट चॅम्पियन झालेल्या जो लुईसकडे बघा. व्यावसायिक होण्याआधी त्याच्या ५४ हौशी लढती झाल्या होत्या. पहिल्या लढतीत तर जॉनी मायलरने त्याला सात वेळा खाली पाडलं, असं सांगतात. पण ते पडणं कुणी तिकीट काढून बघितलेलं नव्हतं. घरी गेला, पुन्हा जिममध्ये आला. पडायचंच असेल तर तेव्हा पडलेलं स्वस्त जातं.

असो. अमेरिकेत आल्यावर कार्नेराच्या मॅनेजरभोवती दुसरीच मंडळी जमली. बिल डफी, ओनी मॅडन. दारूबंदीच्या काळातले न्यूयॉर्कचे गुंड. मॅडन तर कॉटन क्लब या नाइटक्लबचा मालक. त्यांनी काय केलं? गावोगाव तमाशाचा फड न्यावा तसा या पोराला देशभर फिरवला. न्यूयॉर्क, शिकागो, न्यूअर्क, मेम्फिस, ओक्लाहोमा सिटी, न्यू ऑर्लीन्स. एका वर्षात वीसहून जास्त लढती. बहुतेक पहिल्या-दुसऱ्या राउंडमध्ये खलास.

समोर कोण होते? शिकागोत एल्झिअर रिऊ. ४७ सेकंद. हा गडी ठोसा लागायच्या आधीच पडत होता असा बोभाटा झाला आणि चौकशी बसली. कॅन्सस सिटीत जॉर्ज ट्रॅफ्टन. हा कोण, तर शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू! ५४ सेकंद. म्हणजे आपल्याकडे कबड्डीपटूला हिंदकेसरीसमोर उभं करावं, त्यातला प्रकार. फरक एवढाच की इथं हिंदकेसरीही अजून हिंदकेसरी नव्हता.

सगळ्यात उघडं पडलं ते ओकलंडला, एप्रिल १९३० मध्ये. समोर बॉम्बो शेव्हालिए. हा खरंच लढत होता, बऱ्यापैकी मारत होता. आणि सहाव्या राउंडमध्ये त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसाने टॉवेल फेकला. बॉक्सर उभा, आणि त्याचीच माणसं म्हणतात आम्ही हरलो! प्रेक्षक खवळले, दंगल व्हायची वेळ आली. कॅलिफोर्नियाने कार्नेरावर बंदी घातली.

फिलाडेल्फियात जॉर्ज गॉडफ्रीची गोष्ट मला जास्त खटकते. काळा बॉक्सर, अव्वल दर्जाचा, पण त्या काळच्या वर्णभेदामुळे त्याला मोठ्या संधी मिळतच नव्हत्या. तो कार्नेराला सहज भारी पडेल असं जाणकारांचं मत. पाचव्या राउंडमध्ये गॉडफ्रीने कमरेखाली ठोसा मारला, जो नियमात बसत नाही, आणि बाद झाला. आता हा चुकून बसलेला ठोसा की सांगून मारलेला, तुम्हीच ठरवा.

(जरा थांबून)

इथं बरेच लोक म्हणतात, मग कार्नेरा लबाडच. मला ते पटत नाही. लेऑं सेने पुढे स्वतःच लिहून कबूल केलं की सुरुवातीच्या अनेक लढती ठरवलेल्या होत्या आणि कार्नेराला त्याचा पत्ता नव्हता. पोरगा समजत होता की आपला ठोसाच तसा आहे! विचार करा, तुम्ही परीक्षा देताय, पेपर तपासणारा आधीच विकत घेतलाय, आणि तुम्हाला वाटतंय आपण हुशार आहोत. अभ्यास कशाला कराल?

आणि गंमत म्हणजे तो अगदीच टाकाऊ नव्हता. एवढ्या धिप्पाड देहाच्या मानाने पाय हलके होते, डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, बरा होता, काळीज वाघाचं. मार खाऊन पुन्हा उठायचा. नीट जोडी लावून चार-पाच वर्षं घडवला असता तर? या 'तर'ला उत्तर नाही, पण मला तो प्रश्न सोडत नाही.

१० फेब्रुवारी १९३३. पुन्हा गार्डन. समोर अर्नी शाफ. तेराव्या राउंडमध्ये कार्नेराच्या साध्या वाटणाऱ्या डाव्या ठोशावर शाफ कोसळला. गर्दी ओरडायला लागली, फेक, फेक! नाटक आहे म्हणून. तीन वर्षं लोकांनी नाटकंच बघितली होती ना. शाफ शुद्धीवर आला नाही. चार दिवसांनी वारला. आदल्या ऑगस्टमध्ये मॅक्स बेअर या हेवीवेट बॉक्सरने त्याला भयंकर झोडपलं होतं, कार्नेराशी लढायच्या आधी शाफ तापाने आजारी होता, शवविच्छेदनात मेंदूज्वराच्या खुणा मिळाल्या. म्हणजे ज्याला हॉस्पिटलात झोपवायला हवं होतं त्याला १२० किलोच्या माणसासमोर उभं केलं. जोड न जुळलेली लढत ही अशीही असते. कार्नेरा मात्र हादरला होता.

त्याच वर्षी २९ जूनला तेव्हाच्या चॅम्पियनला, जॅक शार्कीला, सहाव्या राउंडमध्ये पाडून तो चॅम्पियन झाला. ही लढत खरी की खोटी यावर आजही वाद घालतात. मी त्यात पडत नाही. पुढे मायामीत टॉमी लॉफ्रनला १५ राउंडमध्ये गुणांवर हरवलं, तेव्हा दोघांच्या वजनात तब्बल ३९ किलोंचा फरक होता. ओझं अंगावर टाकायचं आणि जिंकायचं.

मग हिशेब चुकता झाला. १४ जून १९३४, मॅक्स बेअर. कार्नेरा किती वेळा पडला याची मोजणी प्रत्येकाची वेगळी, पण दहा-अकरा वेळा तरी पडला. प्रत्येक वेळी उठला. अकराव्या राउंडमध्ये लढत थांबवली. आणि वर्षभराने, २५ जून १९३५, यांकी स्टेडियम, जो लुईस. तोच, सात वेळा पडलेला. व्यावसायिक होऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. सहाव्या राउंडमध्ये कार्नेरा तीनदा पडला आणि खेळ संपला. लुईसला काय येतं आणि कार्नेराला काय कधी शिकवलंच नाही, हे त्या रात्री साठेक हजार लोकांनी बघितलं.

पैसा तर कधीच उडून गेला होता, म्हणजे मॅनेजर आणि गुंडांच्या खिशात. १९३८ मध्ये एक मूत्रपिंड काढावं लागलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. १९४६ मध्ये तो पुन्हा अमेरिकेत आला, व्यावसायिक कुस्तीत. तीच ती, कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं ती. या वेळी ते त्यालाही माहीत होतं. हॉल भरायला लागले, आणि या वेळी पैसे त्याच्या हातात आले. १९५३ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, कॅलिफोर्नियात दुकान टाकलं. शेवटी आजारी पडल्यावर सेक्वाल्सला परतला आणि तिथंच गेला. तारीख २९ जून १९६७. चॅम्पियन झाला तीच तारीख, ३४ वर्षांनी.

पुढच्या भागात पीट रॅडेमाकर. ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला हा गडी आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक लढत थेट जगज्जेतेपदासाठी खेळला, सिॲटलमध्ये, १९५७ साली. आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याने चॅम्पियनलाच खाली पाडलं. पुढं काय झालं ते तेव्हा सांगतो.