समुद्रकिनारी सुशी खायला जाताय? मग 'ताजा मासा' हे प्रकरण आधी समजून घ्या

नमस्कार मंडळी! आपल्याकडे मासे खाणारा माणूस बाजारात गेला की पहिलं काय करतो, तर कल्ले उघडून बघतो लाल आहेत का, डोळे चमकतायत का, बोटाने दाबून बघतो, आणि मग कोळीणबाईंशी घासाघीस. ताजा आहे ना, मग झालं, बाकीचं काम मसाला करतो. आता हाच माणूस जपानला आला आणि त्याला कळलं की अगदी बंदराला लागून सुशीचं दुकान आहे, की त्याच्या डोक्यात हिशोब तयारच असतो: बोट आली, मासा उतरला, कापला, भातावर ठेवला, दिला. मी टोकियोत राहतो, पुण्या-मुंबईहून पाहुणे येतात ते सगळे हाच हिशोब घेऊन येतात. तो आज जरा तपासून बघू, आणि त्यासाठी आपण चाललोय तोयामाला.

[स्क्रीनवर: जपानचा नकाशा, तोयामाचा उपसागर]

तोयामा कुठे आहे? होन्शू बेटाच्या पश्चिमेच्या बाजूला, जपान समुद्रावर. टोकियोहून होकुरिकू शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली की दोन तास आणि वर थोडी मिनिटं, बस. मार्च २०१५ मध्ये ही लाईन तोयामापर्यंत आली, त्याच्या आधी मध्ये गाडी बदलायला लागायची त्यामुळे बाहेरचे लोक फारसे यायचे नाहीत, आता तर तिथलं सरकार 'सुशी म्हणजे तोयामा' अशीच जाहिरात करतंय. आणि जाहिरातीत दम आहे, कारण तिथला भूगोलच तसा भारी आहे.

हे बघा, एका बाजूला तातेयामाचे डोंगर, ३००० मीटरच्या आसपास, वर बर्फ. आणि समोर उपसागर, जो किनाऱ्यापासून जरा आत गेलात की खाली कोसळतोच, १००० मीटरहून जास्त खोल. म्हणजे डोंगराचं टोक ते समुद्राचा तळ, सगळा मिळून ४००० मीटरचा उतार, तोही थोडक्या अंतरात. वरून नद्यांचं गोडं पाणी येतं, मध्ये त्सुशिमाचा उबदार प्रवाह, आणि साधारण ३०० मीटरच्या खाली बर्फासारखं गार पाणी. गरम पाण्यातला मासा पण आहे आणि थंड पाण्यातला पण आहे, आणि तो पकडायला लांब जावंच लागत नाही. बंदरापासून थोड्याच अंतरावर समुद्रात कायमची जाळी उभारलेली असतात, तेइची-आमी म्हणतात त्यांना, माशांच्या मागे लागायचं नाही, मासे आपणहून आत येतात आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे फिरून बाहेर पण निघून जातात. चारशेहून जास्त वर्षं चाललंय हे. पहाटे बोट जाते, जाळं उचलतात, मासा तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात जातो आणि लगेच बंदरावर लिलावाला.

आता तुम्ही म्हणाल, मग आमचा हिशोब चुकला कुठे, इतका ताजा मासा दारात येतोय!

तर चला दुकानात. छोटं दुकान, लाकडी काउंटर, सात-आठ माणसं बसतील एवढं. आत गेलात की गरम ओला रुमाल मिळतो, त्याने हात पुसायचे (तोंड आणि मान पुसू नका, लोक पुसतात). समोर मालक-कम-शेफ, त्यांना गिऱ्हाईक 'ताईशो' म्हणतात. तोयामात एक सोपी सोय आहे, २०११ पासून तिथल्या बऱ्याच दुकानांनी मिळून 'तोयामावान-झुशी' नावाचा सेट ठेवलाय: दहा तुकडे, त्या हंगामातला तिथलाच मासा, तांदूळ पण तोयामाचाच, सोबत सूप, आणि किंमत आधी लिहिलेली. नवख्या माणसाने हाच घ्यावा असं माझं मत आहे. नाहीतर मेन्यूवर आकड्याच्या जागी 'जिका' लिहिलेलं दिसतं, म्हणजे आजच्या बाजारभावाप्रमाणे, आणि मग बिल येईपर्यंत घास गोड लागत नाही.

दहाच का? त्याचं एक कारण सांगतात ते मजेशीर आहे. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, १९४७ मध्ये हॉटेलं बंदच करायला लावली होती सरकारने. तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांनी एक वाट काढली, गिऱ्हाईकाने घरून एक वाटीभर, त्यांच्या मापाने एक गो, तांदूळ आणायचा आणि आम्ही त्याचे दहा तुकडे बनवून देणार, म्हणजे आम्ही हॉटेलवाले नाहीच, आम्ही फक्त करणावळ घेतो. असं डोकं फक्त आपणच लावतो असं वाटत असेल तर घ्या.

बरं, पहिला तुकडा. बुरी, इंग्रजीत यलोटेल म्हणतात तो मोठा मासा. हिवाळ्यात हिमी नावाच्या गावात जो येतो तो 'कान-बुरी', थंडीतला, चरबी भरलेला. तिथे चक्क कमिटी बसते, माशाचा आकार, चरबी, किती मासा येतोय हे बघते आणि जाहीर करते की झाला हंगाम सुरू. मग प्रत्येक मासा निळ्या खोक्यात, सोबत सर्टिफिकेट. आणि ह्या माशाची पत काय आहे म्हणाल तर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला मुलीच्या माहेरून जावयाच्या घरी अख्खा बुरी पाठवायची पद्धत आहे, आणि सासरचे त्यातला अर्धा परत पाठवतात. आपला दिवाळसणच झाला हा, फक्त परतफेडीची शिस्त आपल्यापेक्षा बरी!

तर हा बुरी. आज पकडला आणि आजच कापला तर लागतो कसा? कडक. नुकत्या मेलेल्या माशाचं अंग ताठ असतं, दाताखाली करकरीत लागतं, पण चव मात्र अजून उघडलेली नसते. मासा मेल्यानंतर त्याच्या स्नायूतली ऊर्जा साठवणारी द्रव्यं तुटत तुटत इनोसिनिक आम्ल तयार होतं, आणि ज्याला आपण 'माशाला गोडी आहे' म्हणतो त्यात मोठा वाटा ह्याचा. त्याला वेळ लागतो. म्हणून चांगला ताईशो मोठा मासा साफ करून, रक्त नीट काढून, पुसून, गुंडाळून थंडीत ठेवून देतो, एखादा दिवस, कधी जास्त, आणि कुठला मासा किती दिवस हे तो ठरवतो. तिथल्या काही लोकांना करकरीतच आवडतो, तसाही मिळतो, भांडण नाही. पण 'आजचाच आहे ना?' असं विचारून आपण फार जाणकार आहोत असं दाखवायला जाल तर ताईशो गालातल्या गालात हसेल.

दुसरा, शिरो-एबी. पांढरी कोळंबी, बोटाएवढी पण नाही, पाण्यात असताना पारदर्शक गुलाबीसर. एप्रिल ते नोव्हेंबर मिळते, समुद्राच्या पोटातल्या खोल दऱ्यांमध्ये राहते आणि धंदा म्हणून ती पकडतात असं ठिकाण म्हणजे हेच. आता एवढुशा कोळंबीचं साल काढणार कसं? ताज्या कोळंबीचं निघतच नाही धड, मांस चिकटून येतं. म्हणून आधी ती गोठवतात, मग थोडी सुटली की हाताने एकेक सोलतात. एका तुकड्यावर ढीगभर असतात ह्या, आणि प्रत्येक कोणीतरी सोललेली आहे! फ्रीजरमधून आलेली आहे, आणि तरी उपसागराचं रत्न म्हणतात ते हिलाच. (१ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतर समुद्रतळावरची जमीन घसरली, त्या वर्षी ही फारच कमी मिळाली, मच्छीमारांचे हाल झाले. हिमीत घरांखालची जमीन पण खचली होती.)

तिसरा, होतारु-इका. छोटं म्हाकूल, रात्री निळं चमकतं, वसंतात अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतं, त्या समुद्राच्या पट्ट्याला जपानने खास नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलंय. हे तर जिवंत उचलून तोंडात टाकावं असं वाटेल. अजिबात नाही! त्याच्या आतड्यात कृमी असतात, म्हणून आतड्यासकट कच्चं खायचं तर आधी उणे ३० अंशावर निदान ४ दिवस ठेवायचं असा जपानच्या आरोग्य खात्याचा दंडक आहे, नाहीतर सरळ उकडून. तसंच आनिसाकिस नावाचा कृमी बऱ्याच समुद्री माशांत असतो, तो उणे २० अंशाला २४ तासांत मरतो, पण व्हिनेगर, मीठ, वासाबी ह्याने मरत नाही, कितीही झणझणीत वाटलं तरी. त्यामुळे घरी बाजारातला बांगडा आणून 'आपण पण सुशी करू' असले प्रयोग प्लीज करू नका.

आता माझा लाडका. सासु-नो-कोबुजिमे. कोम्बू माहितीये ना, ते सुकवलेलं समुद्री शेवाळ, पाट्यासारखं रुंद. ते तोयामात उगवतच नाही! उगवतं वर, उत्तरेच्या होक्काइदो बेटावर. पण जुन्या काळी कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजं होक्काइदोहून माल घेऊन ह्या किनाऱ्याने खाली जायची, तोयामाला थांबायची, आणि लोकांना कोम्बूचं असं वेड लागलं की अजून गेलं नाही. तर तलवार माशाचे (तिकडे सासु म्हणतात) पातळ काप कोम्बूच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून ठेवतात, रात्रभर किंवा जास्त. कोम्बू पाणी ओढून घेतं आणि आपली चव माशाला देतं. ताईशो समोर ती पट्टी उचलतो ना तेव्हा बघा, तार सुटते मधे, चिकट, आणि मासा कडेने हलका मधाच्या रंगाचा झालेला. खाताना दाताला किंचित चिकटतो, खारट नाही, गोड नाही, आणि गिळल्यावर पण चव बराच वेळ जिभेवर राहते. माझे पाहुणे बुरीचे फोटो काढतात आणि ह्या तुकड्यावर गप्प होतात.

आणि हे काही तोयामाचं वेगळं खूळ नाही, सुशी मुळात आलीच मासा मुरवून ठेवण्यातून. सगळ्यात जुनी सुशी म्हणजे भातात मासा महिनोनमहिने आंबवायचा, बिवा तलावाकाठी फुना-झुशी आजही करतात, वास असा की दारातूनच नमस्कार. मग १८२० च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली निगिरी आली, तिचं श्रेय साधारण हानाया योहेईला देतात. समोरच्याच खाडीतला मासा असायचा, पण बर्फ कुठे होता! म्हणून ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवायचा, छोटे मासे मीठ-व्हिनेगरमध्ये, आनागो, म्हणजे समुद्री वाम, शिजवून. समुद्र दारात असून मासा नुसता कापून कोणी देत नव्हतं.

भाताबद्दल थोडक्यात. व्हिनेगर लावलेला भात, साधारण अंगाइतका कोमट. म्हणूनच तुकडा समोर ठेवला की लगेच खायचा. सगळ्यांचे आले की सुरू करू, असं आपल्या पंगतीसारखं थांबू नका, इथे त्याने ताईशोचा जीव वरखाली होतो. हाताने खाल्लं तरी चालतं, उलट बरंच, आणि सोया सॉस लावायचा तर माशाच्या बाजूला, भात बुडवलात तर वाटीत भाताची पेज होते. बऱ्याच ठिकाणी सॉसचा हात ब्रशने आधीच फिरवलेला असतो, तेव्हा वाटीच विसरा. सोबत दिलेलं व्हिनेगरमधलं आलं तुकड्यांच्या मधे खायचं, वर ठेवून नाही. आणि सेंट मारून जाऊ नका, आपल्या लोकांना हे सांगायलाच लागतं.

शाकाहारी मंडळी सोबत असतील तर काकडीची कप्पा-माकी, सुकवलेल्या दुधीच्या पट्ट्यांची कानप्यो-माकी, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) मिळेल, पण अंड्याच्या तुकड्यात आणि मिसो सूपमध्ये बहुतेक वेळा माशाचा दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, असतो. कट्टर शाकाहारी माणसाला अशा दुकानात ओढून नेऊ नये, स्पष्ट सांगतो. त्याला पण त्रास, ताईशोला पण. स्टेशनजवळ दुसरं काहीतरी छान खायला घाला.

कुठे बसायचं? तोयामा स्टेशनवरून ट्रामने समुद्राकडे इवासेला जाता येतं, तिथे जुन्या जहाजवाल्या व्यापाऱ्यांचे वाडे अजून उभे आहेत, गल्ल्यांमधून फिरून मग जेवायला बसा. बुरीसाठी हिमी, ताकाओकाहून छोटी रेल्वे जाते, वाटेत आमाहाराशीचा किनारा लागतो, हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडे बर्फाचे डोंगर दिसतात. पण हिवाळ्यात तिकडे आकाश बरेचदा भरलेलंच असतं हं, इन्स्टाचे फोटो बघून जाऊ नका.

लहान दुकानात बुकिंग करूनच जा, हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला विनंती केली तर तो फोन करून देतो. टिप ठेवायची नाही, मागे पळत येतील द्यायला. आणि वार बघा, मासळी बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी बरीच दुकानं पण बंद असतात, बुधवार-रविवार जरा चौकशी करूनच तिकीट काढा.