मिरचीआधीचं ताट

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. कढईत साबुदाण्याची खिचडी परतली जातेय.)

समजा, तुम्ही ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलात. साल १६६०. जागा राजगड. दिवस एकादशीचा. गडावरच्या एका घरात सून सासूपुढे फराळाचं ताट ठेवते. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट, बाजूला बटाट्याची भाजी आणि एक उकडलेलं रताळं. वाक्य झकास उतरलं. वाचकाला वाससुद्धा आला.

आता या ताटातलं एकेक उचलू.

साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भुईमूगही तिकडचाच. रताळंही तिकडचं. बटाटा आला तो नावासकट आला, 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगिजांचा. आणि घराघरांत तो रुळला इंग्रजी अमदानीत. खिचडीतली मिरची? तीही पोर्तुगिजांच्या गलबतातून गोव्याच्या किनाऱ्याला उतरली, सोळाव्या शतकात. तिच्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी, सुंठ, पिंपळी. 'मिरची' हे नावही मिरीवरूनच पडलेलं.

ताटात उरलं काय? भगर, सुरण, केळं, दूध, तूप. सासूबाईंचा उपास मोडणार नाही. तुमचा परिच्छेद मात्र पुन्हा लिहावा लागेल.

(दृश्य : कापडात बांधलेलं दफ्तर. गाठ सोडणारे हात.)

याला म्हणतात रुमाल. खिशातला नव्हे. जुने कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवतात तो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. गाठ सोडली की आतून मोडीतले कागद निघतात. लिहिणाऱ्याने आधी कागदभर एक आडवी रेघ ओढलीय आणि मग बोरूने अक्षरं त्या रेघेला लटकवत नेलीत. दोन शब्दांत अंतर नाही, विराम नाही. वाचणाऱ्याने स्वतःच श्वास घ्यायची जागा शोधायची.

गंमत अशी की आपल्याकडे कादंबरी आधी आली आणि हे कागद मागून आले. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड', मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, १८७१ची. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो १८९८ साली. त्याच्यानंतर रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून आणले. म्हणजे पहिल्या पिढीतल्या कादंबरीकारांच्या हाताशी होत्या बखरी, पोवाडे आणि आजीच्या गोष्टी. बाकी सगळं कल्पनेच्या भरवशावर. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली आणि मराठी घरांतून ऐतिहासिक कादंबऱ्यांचा जो पूर आला, तोपर्यंत छापील साधनांनी कपाटं भरली होती. त्या पुरात आपण पोहलो. वाढदिवसाला, बारशाला, बक्षीस समारंभाला तीच जाडजूड पुस्तकं.

पण या कागदांत असतं काय? मोहिमेचा खर्च. वतनाचा तंटा. घोडी किती मेली, कर्ज किती झालं, कोणाला कोणता गाव दिला. लढाई सापडते, तह सापडतो. त्या संध्याकाळी चुलीवर काय होतं हे कारकून लिहीत नाही. ते त्याला माहीतच असतं, मग लिहायचं कशाला!

(दृश्य : रायगड. पहाट. नगारखान्याचा दरवाजा.)

दुसरी जागा घसरण्याची, ती भाषेची.

६ जून १६७४. या दिवसाआधी शिवाजीराजांच्या कारभारात पेशवे होते, मुजुमदार होते, सुरनीस, वाकनीस, डबीर होते, सरनौबत होते. सगळी फारसी वळणाची नावं. राज्याभिषेकानंतर तेच लोक मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत, सेनापती झाले. रघुनाथपंत हणमंत्यांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तो याच फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. तेव्हा १६६५च्या प्रसंगात कोणी 'सचिव' म्हणून हाक मारली की जाणता वाचक पुस्तकाचं पान दुमडून ठेवतो. 'छत्रपती' हेसुद्धा राज्याभिषेकानंतरचं.

आणि कोश झाला म्हणून गडावरचा हवालदार रातोरात संस्कृत बोलू लागला असंही नाही. किल्ला, फौज, हजर, खबर, जमीन, बाजार हे शब्द तेव्हाही मराठीच होते आणि आजही आहेत. उलट सगळ्यांच्या तोंडी तुपात तळलेली संस्कृतप्रचुर मराठी घातली की माणसं माणसं राहत नाहीत, चौथऱ्यावरचे पुतळे होतात. खरं सांगायचं तर मला मिरचीची चूक माफ आहे. पहाटे दात घासता घासता स्वराज्यावर दोन पानी भाषण करणारा मावळा माफ नाही.

(दृश्य : पानिपतचं मैदान. धुकं.)

पण सगळ्यात फसवं असतं ते घड्याळ आणि कॅलेंडर.

मिनिट हे माप आपल्या गावांत रुजलं ते इंग्रजी अमदानीत, कचेरी आणि आगगाडीबरोबर. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली. त्याआधी दिवसाच्या साठ घटका. एक घटका म्हणजे आपली चोवीस मिनिटं. पाण्यावर तरंगणारं भोकाचं घटिकापात्र भरून बुडालं की घटका भरली. आपण अजूनही 'घटका भरली' म्हणतो, पण भांडं विसरलो. पेशवाईतल्या वाड्यात 'पाच मिनिटांत येतो' असं म्हणणारा माणूस, तो पेशवाईतला नव्हेच.

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१. तारीख पाठ असलेला प्रत्येक जण पुढचं वाक्य आपोआप म्हणतो : ऐन संक्रांतीच्या दिवशी! कानाला किती बरोबर वाटतं. तिळगुळाचा दिवस आणि एवढा घात. अशी जुळणी आयती मिळाल्यावर कोणता लेखक सोडेल?

पण संक्रांत नेहमी १४ जानेवारीला नव्हती. सूर्याचा मकरप्रवेश आपण ताऱ्यांवरून धरतो, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंवरून चालतं. त्यामुळे साधारण बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख आहे १२ जानेवारी १८६३. तसंच आणखी शंभर वर्षं मागे जा. पानिपतच्या साली संक्रांत येते तीन-चार दिवस आधी. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेली होती, आणि छावणीत उपासमार चाललेली असताना ती कशी गेली असेल? मला विचाराल तर कादंबरीला हा प्रसंग जास्त मोलाचा. त्या छावणीतल्या कोणाला १४ जानेवारी ठाऊकच नव्हती. त्यांच्या लेखी तो शके १६८२चा पौष शुद्ध अष्टमीचा दिवस, वार बुधवार.

नाना फडणीस त्या दिवशी तिथे होते. वय अठरा. पुढे त्यांनी स्वतःची हकिगत लिहिली. बरोबर आलेली आई त्या धावपळीत हरवली, ती हरवलीच. आणखी एक बारीक खबरदारी : या छावणीतल्या कोणाच्याही तोंडी 'आपलं पानिपत होईल' हा वाक्प्रचार घालू नये. तो तयार व्हायला अजून ती संध्याकाळ यायचीय.

(दृश्य : देवगिरीचा कातळ. मग लालबाग, बंद गिरणीची चिमणी.)

शिवकाळ आणि पेशवाई यांच्या बाहेर मराठी कादंबरी फार वेळ रमली नाही. बाहेर पडावं, असं मला फार वाटतं. यादवांच्या देवगिरीवर जा. तिथलं रोजचं बोलणं हवं असेल तर तेराव्या शतकातलं म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' आहे. त्यात माणसं जेवतात, रुसतात, चालून दमतात, एकमेकांना चिमटे काढतात. फक्त पात्राला 'दौलताबाद' म्हणू देऊ नका. ते नाव महंमद तुघलकाच्या वेळचं.

किंवा इकडे अलीकडे या. गिरणी संप, १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार. हाही आता इतिहासच. पण इथे लेखकाची वेगळीच परीक्षा असते. कागद गप्प बसतो, माणूस बसत नाही. तुम्ही पाळीची वेळ अर्ध्या तासाने चुकवलीत की लालबागच्या चाळीतून कोणीतरी आजोबा सांगणारच, 'भोंगा तेव्हा व्हायचा नाय!' नंदा खऱ्यांनी 'अंताजीची बखर'मध्ये अठरावं शतक एका साध्या माणसाच्या तोंडून सांगितलं. गिरणगावाच्या कादंबरीला असे अंताजी जिवंत भेटतात, चहा पाजून बोलते होतात.

(दृश्य : नाणेघाट. गुहेतल्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं. मग घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण.)

आणि अगदी मागे जायचं तर इथे, जुन्नरच्या वरच्या अंगाला. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख सातवाहनांचा. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. राणी नागनिकेच्या घराण्याने कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून गाई किती, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी किती दिली, सगळं मोजून कोरलंय. त्या काळच्या अंकांची चिन्हं वाचायला अभ्यासक इथे येतात.

गुहेतून बाहेर आलं की हा रांजण. जकातीचा रांजण म्हणतात याला. कोकणातून माल चढवून आणणारा माणूस इथे थांबला असेल. खाली दमट उकाडा, वर भन्नाट वारा. बैलांच्या तोंडाला फेस. त्याने कनवटीचा कार्षापण काढून रांजणात टाकला असेल, तो दगडावर वाजला असेल. जकात घेणाऱ्याने मान वर करून त्याला हाक मारली असेल.

काय म्हणून?